भित्र्या कुंदाताईंच्या माशा

कुंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, मेघनाने केला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "माशी चावली का गं?"

"नाही हो मावशी," ती म्हणाली. "हार्ट. झोपेतच गेली."

मला चक्क बरं वाटलं. रडू नंतर आलं. एखादं माणूस गेल्यावर ते कशाने गेलं नाही, याचंच आधी बरं वाटावं, असं माझ्या बाबतीत तेवढं एकदाच झालं आहे. पण कुंदाताईंच्या आसपास जी शेवटची दोन वर्षं मी राहिले, त्यांत एकच भीती आम्हा सगळ्यांच्या मानेवर बसून होती, आणि ती भीती बोटाच्या पेराएवढीही नव्हती.

चारकोपला आमची सोसायटी. तळमजल्यावर कुंदाताई राणे आणि त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, आम्ही. तळमजल्यावाल्यांना घरापुढे बागेची एक पट्टी मिळालेली, आणि कंपाउंडच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला आणि मग तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, जंगल. मी तिथे राहायला गेले तेव्हा शेजारणींनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पाणी सकाळी लवकर जातं, आणि खालच्या राणेबाई फार भित्र्या आहेत.

दुसरी गोष्ट मला लवकरच कळली. सामान लावून होतंय तोवर खालून हाक आली. "अहो, वर! तुमच्याकडे कसला वास येतोय का?" मी म्हटलं, नाही. "गॅसचा नाही ना? नक्की ना? एकदा बघता का?" मी बघितलं. मग त्या वर आल्या, स्वतः नाक लावून बघितलं, आणि जाताना म्हणाल्या, "मी अशीच आहे हं. रागावू नका. माझ्या पोटात सारखा गोळा येतो."

कुकरची शिट्टी होईपर्यंत त्या स्वयंपाकघरात थांबत नसत. हॉलमध्ये येऊन उभ्या राहत आणि शिट्टी झाली की आत जात. लिफ्टमध्ये जन्मात चढल्या नव्हत्या. कुत्रा दिसला की रस्ता बदलत, वीज चमकली की टीव्हीची वायर काढत, शेजारच्या कोणाला यायला उशीर झाला की त्याच्या बायकोच्या आधी या गेटपाशी. त्यांचे यजमान ऑफिसात बसल्या जागी गेले होते. लोक म्हणत, तेव्हापासून बाई अशी झाली. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर त्या हसल्या. "छे गं! मी आधीपासून अशीच. आई म्हणायची, सगळी मुलं जन्मताना रडतात, ही दचकली."

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली. ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. "रात्रीचा कॉल म्हणजे कोणीतरी गेलेलं असायचं," त्या सांगत. "ज्याचं माणूस गेलं त्याच्या आधी मला कळायचं. मग मी नंबर लावायचे, आणि तिकडे माणूस झोपेतून उठून हॅलो म्हणायचा. ते हॅलो अजून माझ्या कानात आहे बघ."

अशा बाईच्या दारात मधमाशा. कसं काय, हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं, कारण पेटी बरोबर माझ्या खिडकीखाली होती आणि मी खिडकी उघडायला घाबरत होते.

तर त्या माशा त्यांनी आणल्या नव्हत्या. राणेसाहेबांनी हौसेने घेतलेला पहिला टीव्ही, लाकडी शटरचा, आतली काच काढून त्यांनी खिळे-स्क्रू ठेवायला व्हरांड्यात ठेवला होता. ते गेल्यावर त्याला कोणी हात लावला नव्हता. एक दिवस कुंदाताई झाडायला गेल्या तर शटरच्या फटीतून माशा आत-बाहेर करतायत. त्यांनी केरसुणी तिथेच टाकली आणि दार लावून घेतलं.

"मग काढून का नाही टाकल्यात?" मी विचारलं.

"आला होता ना माणूस. दळवींनी पाठवला होता." दळवी म्हणजे आमचे सेक्रेटरी. "हातात काठी, काठीला चिंध्या, आणि रॉकेलची बाटली. म्हणाला, पाच मिनिटांत जाळतो. शेजारी गॅसचा पाइप! मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू जा. माशांची भीती वाटते, पण तुझी जास्त वाटते."

म्हणून माशा राहिल्या. पुढे कुडाळहून त्यांचे दीर आले, बाबूभावजी. कोकणात त्यांच्याकडे चार-दोन मधपेट्या होत्या. त्यांनी टीव्हीचं शटर उघडलं तेव्हा कुंदाताई स्वयंपाकघरात, दाराला कडी. बाहेरून बाबूभावजी म्हणत होते, "वयनी, भिया नको गो. ही सातेरी. गरीब जात. तू आरडलंस तरच चावतली." त्यांनी पोळं कापून लाकडी पेटीत बांधलं, राणी आत गेल्याची खात्री केली, पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. आणि जाताना वहिनीला सांगून गेले, की ह्यांना फार छळायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही, यांचं यांना कळतं.

हे शेवटचं कुंदाताईंना फार पटलं. "उघडायचं नाही" हा सल्ला त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी दिला होता.

तरी आठवड्यातून एकदा पेटीचा तळ साफ करावाच लागे, नाहीतर मेणात किडे पडतात. त्या दिवशी कुंदाताई सकाळपासून जेवत नसत. केसाला तेल नाही, पावडर नाही, गडद रंगाची साडी नाही. पांढरट सुती साडी, अंगभर पदर. पेटीसमोर उभ्या राहून त्या आधी हात जोडत. मग हात पुढे जायचा, अर्ध्यावर थांबायचा, पुन्हा जायचा. मला वरून सगळं दिसायचं. त्या तळाची फळी अशी ओढत, जणू खाली बाळ झोपलंय. बारीक कुंचल्याने झाडत, फळी परत सरकवत, मागे येत आणि पायरीवर बसून घाम पुसत.

"एवढी भीती वाटते तर करता कशाला?" मी एकदा वरूनच विचारलं.

"भीती वाटते म्हणून हळू करते," त्या म्हणाल्या. "न भिणारा असता तर धसमुसळा असता. त्याला त्या चावल्या असत्या."

मध त्या काढत नसत. बाबूभावजी वर्षातून एकदा येत आणि अगदी थोडा काढत, तोही फुलांचे दिवस ओसरायच्या आत. बाकी तसाच ठेवायचा. "पावसात काय खातील त्या? मी साखरपाणी देत बसू? आपलं जेवण काढून घेऊन कोणी साखरपाणी दिलं तर आपल्याला चालेल का?" पावसाळ्यात पेटीवर पत्रा, पत्र्यावर वीट, आणि चार महिने हात नाही. उन्हाळ्यात एका परातीत गोटे आणि पाणी. माशा गोट्यावर बसून पाणी पीत. परात कोरडी पडली नाही ना, हे बघायला त्या दुपारच्या झोपेतून उठत.

आणि बाग! नर्सरीतलं एकही झाड त्यांनी आणलं नाही. "त्यांनी काय औषध मारलंय कुणास ठाऊक." त्यांची सगळी बाग मसाल्याच्या डब्यातून आली. धणे पेरले, मोहरी पेरली, तीळ, बडीशेप. कोथिंबीर जेवणापुरती खुडायची आणि बाकी फुलावर जाऊ द्यायची. मुळ्याचे दोन वाफे फक्त फुलांसाठी. तुळस आणि सब्जा तर जिकडे तिकडे. आपण बायका तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो. कुंदाताई सोसायटीभर फिरून सांगत, "खुडू नका हो, निदान निम्म्या तरी ठेवा." एका कोपऱ्यात शेवगा. शेवग्याला इतक्या शेंगा लागत की आम्हा सगळ्यांच्या आमटीत कुंदाताईंचा शेवगा असे. माझ्या गॅलरीतही त्यांनी सब्ज्याच्या दोन कुंड्या आणून ठेवल्या. मी म्हटलं, "म्हणजे त्या माझ्याकडे येणार!" तर म्हणाल्या, "येतील, खातील, जातील. तू चहा पीत बस. हात झटकू नकोस म्हणजे झालं." माझ्या कपाच्या कडेने पहिली माशी फिरून गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर कंपाउंडमध्ये पांढरा धूर. डासांसाठी फवारणीवाला आला होता. एरवी दळवी आदल्या दिवशी कुंदाताईंना सांगत, मग त्या दिवस मावळायची वाट बघत, सगळ्या आत गेल्या की पेटीच्या तोंडाला जाळी लावत आणि वरून ओली चादर घालत. त्या दिवशी दळवी गावाला आणि वॉचमन नवा. मशीनचा आवाज ऐकून कुंदाताई हाताला लागली ती चादर नळाखाली धरून धावल्या. मी पोचले तेव्हा धुरात फक्त ओली चादर आणि तिला कवटाळून बसलेल्या कुंदाताई दिसत होत्या, पदर तोंडावर. धूर बसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

पण त्या वेळी निम्म्या माशा बाहेर होत्या. सकाळी पेटीपुढे त्यांचा खच पडला होता. काही अजून गोल गोल फिरत होत्या, पाय वर करून. कुंदाताई सुपली घेऊन बसल्या होत्या, पण भरत नव्हत्या.

"आत राणी आहे की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"बघा ना उघडून."

"नको. नसली तर?"

नंतरचे कितीतरी दिवस त्या पेटीसमोर वेताचा मोडा टाकून बसत. पेटीला कान लावत, मलाही लावायला लावत. "येतोय ना आवाज? कमी झालाय ना?" मला कळत नसे, मी म्हणे, येतोय. बाबूभावजींनी फोनवर सांगितलं होतं, उघडू नको, बाहेरच बघ. माशा पायाला पिवळं लावून आत गेल्या तर समज राणी अंडी घालते. ते पिवळं म्हणजे पराग, पिल्लांचं खाणं. पिल्लं असतील तरच त्या ते नेणार.

मी ऑफिसात जेवत होते आणि माझा फोन वाजला. कुंदाताईंचा नंबर बघून मी "काय झालं?" असं म्हणतच तो घेतला. त्यांच्या सहवासात तेवढं मी शिकले होते.

"वैशाली! पिवळं घेऊन आली!"

"कोण?"

"अगं कोण काय! पायाला! एवढे एवढे गोळे! तिच्या मागून दुसरी!" आणि त्या रडायला लागल्या. डबा खाताना टेबलावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना काय सांगणार?

त्याच संध्याकाळी त्या शेवग्याच्या शेंगा घेऊन दारोदार गेल्या. प्रत्येक दाराची बेल वाजवून त्या दोन पावलं मागे सरत होत्या. फवारणी असेल तर मला एक दिवस आधी सांगा आणि अंधार पडल्यावर करा, एवढंच मागणं. सगळ्यांनी कबूल केलं. मला वाटतं, त्यांची ती अवस्था बघून लोकांनाच भीती वाटली असावी.

आता ती दुपार, जिच्यापासून ती भीती आमच्या मानेवर बसली.

शेजारच्या बिल्डिंगला रंगकाम काढलं होतं. तिच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या माशांचं मोठं पोळं होतं, परातीएवढं, काळं. कुंदाताईंनी रंगाऱ्यांच्या मुकादमाला दोनदा सांगितलं होतं, की परांची बांधायच्या आधी कोणा जाणत्याला बोलवा. तो हो हो म्हणाला. सुट्टीचा दिवस होता म्हणून मी घरी होते. बांबू टाकीला आपटल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग वरून कोणीतरी नुसता ओरडला. शब्द नव्हते त्यात.

मी खिडकी लावली आणि काचेतून बघितलं. आकाशातून काळं काहीतरी ओतल्यासारखं खाली येत होतं. रंगारी बांबूंवरून घसरत उतरले आणि पळाले. वॉचमन केबिनमध्ये शिरला. खिडक्या धडाधड बंद झाल्या. पेटीतल्या सातेरी माशांशी याचा काही संबंध नव्हता, त्या आपल्या आत दडून होत्या. पण ते मला नंतर सुचलं.

कंपाउंडच्या बाकावर नाईककाका बसले होते. ऐंशीच्या पुढचे, ऐकू जवळजवळ येत नाही, पायात जोर नाही. लोक खिडक्यांतून ओरडत होते, "काका, आत जा!" आणि काका पेपर वाचत होते. मग त्यांनी एक हात मानेवर मारला. मग दुसरा डोक्यावर. मग काठी शोधायला लागले, ती खाली पडली होती.

खालचं दार उघडल्याचा आवाज आला.

कुंदाताई बाहेर आल्या. अंगावर जाडी गोधडी. आणि त्या चालत होत्या. धावल्या नाहीत. पेटीकडे जाताना चालायच्या तशाच, एकेक पाऊल टाकत, हात न हलवता. आणि मोठ्याने बोलत होत्या. बंद काचेतूनही मला ऐकू येत होतं. "मला भीती वाटते, आई गं, मला खूप भीती वाटते, काका उठा, मला भीती वाटते हो, चला ना लवकर." काकांपाशी पोचून त्यांनी गोधडी अंगावरून काढली, सगळी काकांच्या डोक्यावरून घातली, त्यांना उठवलं आणि खांद्याला धरून तसंच हळूहळू परत आणलं. काकांची पावलं म्हणजे वितीवितीची. कुंदाताईंचं डोकं, मान, दंड सगळं उघडं. त्यांच्या पांढऱ्या केसांवर माशा बसलेल्या मला वरून दिसत होत्या. त्या बोलत होत्या, "मला भीती वाटते, मला भीती वाटते," आणि दारात शिरेपर्यंत थांबल्या नाहीत.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. आत काका खुर्चीवर बसले होते आणि कुंदाताई जमिनीवर. चेहरा ओळखू येत नव्हता. ओठ सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली. बोलता येत नव्हतं, पण डोळे माझ्याकडे लावून त्या काहीतरी विचारत होत्या. मी म्हटलं, "काका बरे आहेत." त्यांनी मान हलवली, नाही, ते नाही. मग मला समजलं. मी म्हटलं, "मी आहे. जात नाही कुठे."

हॉस्पिटलात दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणत होते. नाईककाका लवकर सुटले. ते भेटायला आले तेव्हा मला म्हणाले, "बाई सबंध वेळ काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, रामरक्षा म्हणते."

कुंदाताई घरी आल्या त्या एक चिठ्ठी आणि एक इंजेक्शन घेऊन. डॉक्टरांनी मेघनाला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं. यांच्या अंगाला आता हे विष माहीत झालंय. पुढच्या वेळी एक माशी पुरे, आणि कुठलीही. इंजेक्शन कायम जवळ ठेवा, मांडीत द्यायचं, आणि देऊन थेट इथे आणायचं. मी ते द्यायला शिकले. संत्र्यावर सराव केला. संत्र्यात सुई जाताना माझे दात वाजत होते.

सोसायटीची सभा लागलीच झाली. विषय अर्थात मधपेटी. कुंदाताई सभेला कधी यायच्या नाहीत, चार माणसांत बोलायचीही त्यांना भीती. त्या दिवशी आल्या, चेहऱ्यावर अजून काळे डाग.

दळवी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "ताई, तुमच्या माशांनी काही केलं नाही, मान्य. पण माझी नात खाली खेळते. आणि तुम्ही! आता तर तुमच्याच जिवाला धोका आहे. ठेवून काय करणार?"

कुंदाताई उभ्या राहिल्या, खुर्चीची पाठ धरून. "मला सगळ्यांपेक्षा जास्त भीती वाटते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चावली तर सुजेल. मला चावली तर मी मरेन. मला ते नीट कळतं. तरी सांगते, त्यांना राहू द्या. पेटी मागच्या भिंतीला न्या, तिवरांकडे तोंड करा. मी जाणार नाही जवळ, लिहून देते. पण जाळू नका." मग दळवींकडे वळून म्हणाल्या, "दळवीसाहेब, मी सकाळी उठते तेव्हा मला हजार गोष्टींची भीती असते. त्यातल्या एकीचंही मला काही करता येत नाही. ह्या आहेत ना, एवढं मला उठून बघता येतं. आहेत असं दिसलं की दिवस जातो."

मग नाईककाका, ज्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी हात वर केला. "मी बाईंच्या बाजूने," ते म्हणाले. "विषय काय आहे?"

हशा झाला आणि पेटी राहिली. बाबूभावजी आले, अंधारात पेटी मागच्या भिंतीला नेली. आणि तळ झाडायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं.

ती दोन वर्षं मी विसरणार नाही. कुंदाताईंनी सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी लावून घेतली. बागेत यायच्या त्या पहाटे उजाडायच्या आधी, मोजे-स्वेटर घालून, रोपांना पाणी घालून पळत आत. दिवसभर मागच्या खोलीच्या खिडकीशी. मी पेटीपाशी उभी राहिले की आतून आवाज, "हळू! सावली पाडू नकोस दारावर! श्वास सोडू नकोस त्यांच्यावर!" मी घामाघूम. आणि माझी भीती दुहेरी. माझी माझ्यापुरती, आणि पेटीवरून परत येताना माझ्या पदराला चिकटून एखादी त्यांच्या घरात जाईल ही. मी दारात उभी राहून पदर झटके, केस झटके, मग वॉचमनला मागून बघायला लावी. एकदा एक माशी जाळीच्या फटीतून आत आलीच. कुंदाताई पलंगावर बसल्या होत्या. त्या हलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला फोन लावला आणि कुजबुजल्या, "आत आहे. ट्यूबलाइटवर." मी इंजेक्शन हातात घेऊन धावले. माशी पारदर्शक डब्याखाली धरून बाहेर सोडेपर्यंत दोघींपैकी कोणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही. नंतर त्या म्हणाल्या, "मारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही बघ," आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं.

मेघना मुलुंडला राहायची, बाराव्या मजल्यावर. ती सारखी म्हणे, आई, इकडे ये. कुंदाताई टाळत. शेवटी एकदा ती माझ्यासमोरच रडली. "आई, तुझ्या शेजाऱ्यांचा फोन वाजला की मी हॅलो म्हणायच्या आधी मरते गं."

कुंदाताईंनी तिचे डोळे पुसले. मेघना गेल्यावर मला म्हणाल्या, "वैशाली, ते हॅलो मी आयुष्यभर ऐकलंय. माझ्या पोरीला ते म्हणायला लावू?" आणि बांधाबांध सुरू केली. पेटी मी सांभाळायची असं ठरलं. ती अजून माझ्याकडेच आहे, आणि तळ झाडायच्या दिवशी मलाही सकाळी जेवण जात नाही.

निघायचा दिवस माघातला होता, थंडी संपत आलेली. शेवगा पांढरा झाला होता. सामान टेम्पोतून पुढे गेलं होतं, मेघनाची गाडी गेटशी उभी, आणि आम्ही तिघी रिकाम्या हॉलमध्ये चहा पीत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला. मोटार सुरू व्हावी तसा.

मी मागच्या खिडकीतून बघितलं तर पेटीच्या तोंडातून माशा ओतून बाहेर येत होत्या. हवा तपकिरी झाली. तो लोट छपराएवढा वर गेला, फिरला, घराला वळसा घालून पुढे आला आणि हॉलच्या खिडकीच्या ग्रिलवर, काचेच्या बाहेर, बसायला लागला. माशीवर माशी, तिच्यावर माशी. बघता बघता ग्रिलला फणसाएवढा घोस लटकला. खिडकीला लागूनच दार.

मेघना किंचाळली. "फायर ब्रिगेडला फोन करते!"

"कोणाला फोन करायचा नाही," कुंदाताई म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खाली. "फुटल्यात त्या. घर भरलं म्हणून म्हातारी राणी निम्म्या घेऊन निघालीय. आता घर शोधतायत. बसू दे त्यांना."

मी इंजेक्शनचं झाकण काढून उभी. कुंदाताईंनी उरलेली एकच प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि खिडकीला अगदी लावून ठेवली, आणि बसल्या. काचेच्या या बाजूला त्या, त्या बाजूला घोस. मध्ये बोटभर जागा. इतक्या जवळून त्यांनी त्या माशा दोन वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

"आत्ता चावत नाहीत बरं का," त्या मला म्हणाल्या. "घर नाही, मध नाही. राखायचं काय?"

"मग उघडू का खिडकी?" मी थट्टेने म्हटलं.

"वेडी आहेस का! मला भीती वाटते." आणि त्यांनी काचेवर तळवा टेकवला. जरा वेळाने म्हणाल्या, "गरम लागतंय."

आम्ही तशाच थांबलो. चहा गार झाला. मेघना कोपऱ्यात देवाचं नाव घेत होती. दुपार कलायला लागली तेव्हा घोस सैल झाला, वरच्या माशा उडाल्या, मग सगळाच सुटला, आणि तो आवाज भिंतीवरून, नाल्यावरून, तिवरांकडे गेला आणि विरला.

मी म्हणत होते, थोडं थांबा, एखादी मागे राहिली असेल. कुंदाताईंनी स्वेटर चढवला, मोजे चढवले, पदर कानांवरून घट्ट ओढला आणि स्वतःच कडी काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा भर उजेडात त्या बागेत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "कुठे गेल्या, दिसलं तुला?" मी तिवरांकडे बोट केलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून तिकडे बघितलं, शेवग्याखालून वाकून गेल्या आणि गाडीत बसल्या.

मेघनाने घाईघाईने सगळ्या काचा वर केल्या. गाडी सुरू झाली. मागची एक काच खाली आली. मेघनाने ती पुढून वर केली. ती पुन्हा खाली आली. आतून मेघनाचा आवाज ऐकू आला, "आई, काय करतेस!" कुंदाताईंनी काय उत्तर दिलं ते मला समजलं नाही. गाडी सेक्टरच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा काच खालीच होती, आणि त्यातून पदर गुंडाळलेलं ते डोकं बाहेर काढून कुंदाताई वर, आकाशाकडे बघत होत्या.